मंदाने बांधलेला झोका

पुढचं दार आतून बंद होतं. दोनदा कडी वाजवली, कोणी आलं नाही, म्हणून पिशवी खांद्याला लावून मी क्वार्टरच्या कडेच्या बोळातून मागच्या अंगणात गेले.

तिथे मंदा उकिडवी बसली होती. पदर कमरेला खोचलेला, एका पायाखाली फळी दाबून धरलेली, आणि दोन्ही हातांनी ती गिरमिट फिरवत होती. भोकातून सागाचा पिवळट कीस बाहेर पडत होता. समोर माझी नात केतकी बसली होती, मांडीवर जाडजूड दोराचं वेटोळं घेऊन.

मला पाहताच मंदा उठली. त्यानंतर तिने काय केलं ते मी नीट पाहून ठेवलं. नमस्काराला वाकण्याआधी तिने केतकीच्या मांडीवरून दुसरी एक बारीक, मऊ दोरी उचलली आणि कडुनिंबाच्या बुंध्याआड टाकून दिली. मग पदर सोडला, हात पुसले, वाकली आणि म्हणाली की येणार म्हणून कळवलं असतंत तर हे स्टँडवर घ्यायला आले असते.

मला कळवायचं नव्हतंच.

केतकी माझ्याकडे धावत आली नाही. जागची उठली, माझ्या मागे बोळाच्या तोंडापर्यंत नजर टाकून आली आणि म्हणाली, “एकटीच आलीस?”

मी म्हटलं, हो बाळा, एकटीच. तिचा चेहरा उतरला. माझ्या मनात आलं, पोरीला कोणीतरी जास्तीचं माणूस हवं होतं. एकट्या बाईचं इथे काही चालणार नाही, हे त्या सहा वर्षांच्या जिवालाही कळलेलं दिसतंय.

ही गोष्ट धुळ्याची, चौऱ्याण्णव सालच्या एप्रिलची. मी तेव्हा बावन्न वर्षांची होते. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, अमळनेरला घरातच शिवणक्लास चालवायची. ज्योत्स्ना माझी एकुलती एक मुलगी. तेरा महिन्यांपूर्वी ती काविळीने गेली. जावई सुधाकरराव पाटबंधारे खात्यात होते, कॉलनीत क्वार्टर होतं, पदरात लहान मुलगी. दहाव्या महिन्यात त्यांनी दुसरं लग्न केलं. मी अडवलं नाही, पण लग्नाला गेलेही नाही. मंदा नंदुरबारकडची, लाकडाच्या वखारवाल्याची मुलगी, तिशी ओलांडलेली. एवढंच मला ठाऊक होतं.

आणि मग शेजारच्या निकमबाईंचं कार्ड आलं. निकमबाई म्हणजे ज्योत्स्नाची तिथली मैत्रीण. त्यांनी सरळच लिहिलं होतं: तुमच्या नातीच्या कमरेला दोरी बांधून तिला झाडाखाली उभी केलेली मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. एकदा नव्हे, तीनदा. कोणाला बोलले नाही. तुम्ही येऊन पाहावं.

ते कार्ड मी पोलक्यात ठेवूनच एसटीत बसले होते. येण्याआधी आमच्याकडच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांना भेटले होते, दुसरीत नाव घालायचं पक्कं करून आले होते. इतकंच काय, केतकीच्या मापाचं गणवेशाचं कापडही बेतून ठेवलं होतं. सुट्टीला म्हणून घेऊन जायचं आणि परत पाठवायचं नाही. फक्त आधी पुरावा हातात हवा होता. सुधाकरराव स्वभावाने मऊ, पण मऊ माणूस एकदा बायकोच्या बाजूने उभा राहिला की हलत नाही, हे मी जगात पाहिलेलं होतं.

मंदाने चहा केला. हे काय चाललंय म्हणून मी विचारलं तेव्हा ती म्हणाली की केतकीसाठी झोका करतेय, वडिलांकडून सागाची फळी मागवली, निंबाची ती आडवी फांदी बरी आहे. उत्तर इतकं तयार होतं की मला ते खोटंच वाटलं. मी म्हटलं, एवढीशी पोर, तिला विहिरीच्या मोटेचा दोर कशाला? ती म्हणाली, नुसत्या तिच्या वजनाचा बांधून चालत नाही माई, मोठं माणूस बसलं तरी तुटता कामा नये असाच बांधायचा असतो.

मग ती बारीक दोरी कशाला, हे मी विचारलं नाही. ती लपवली आहे हे मला कळलंय, हे तिला कळू द्यायचं नव्हतं.

संध्याकाळी केतकीला मी आंघोळ घातली. मुद्दामच घातली. परकर सोडला. कमरेभोवती, बेंबीच्या जरा वर, तांबूस पट्टा उमटला होता. फार खोल नाही, पण होता. तळहात उघडून पाहिले तर बोटांच्या मुळाशी फोड, काही फुटून वाळलेले, आणि त्यांवर खोबरेल तेल चोपडलेलं.

हे काय झालं म्हणून विचारलं. ती म्हणाली, काही नाही. मावशीने सांगू नको म्हटलंय का, असं विचारलं तर ती मोरीतल्या पाण्याकडे बघत राहिली. मंदाला ती मावशी म्हणायची. घरात तीन महिने झाले तरी आई म्हणवून घ्यायची या बाईला हौस नाही, हेही मी मनात टिपून ठेवलं.

दुसरी गोष्ट बैठकीच्या खोलीत. वर्षश्राद्धाला सुधाकरराव एकटेच अमळनेरला आले होते, तेव्हा मी ज्योत्स्नाचा मोठा फोटो मढवून, चंदनाचा हार घालून त्यांच्या हातात दिला होता. भिंतीवर त्याच्यासाठी ठोकलेला खिळा होता. फोटो नव्हता. जेवताना मी विचारलं तेव्हा सुधाकररावांनी ताटातून मान वर केली नाही. लावायचा आहे माई, एवढंच म्हणाले आणि उठून हात धुवायला गेले. मंदा पोळी वाढायची थांबली, त्यांच्या पाठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुधाकरराव जीपने कालव्याच्या कामावर गेले. कामावरची मंडळी गेली की अंधार पडल्यावरच परत यायची. मंदा दूध आणायला गेली तेव्हा मी मागच्या अंगणात जाऊन ती बारीक दोरी शोधून काढली. निंबामागे विटांच्या ढिगावर नीट गुंडाळून ठेवली होती. सुती, जुनी, हाताळून गुळगुळीत झालेली. एका टोकाला गाठ मारून मारून ती जागा चपटी झाली होती आणि तिथून पुढे काही अंतरावर तशीच दुसरी खूण. गाठ सोडली तरी सुतात तिची आठवण राहते, हे शिवणाऱ्या बाईला कोणी सांगायला नको. मी त्या दोन खुणांमधलं अंतर बोटांनी मोजलं. एकवीस इंच. केतकीचं माप माझ्या क्लासच्या वहीत होतंच. कंबर एकवीस.

मी तिथेच विटांवर बसले.

निकमबाई कपडे वाळत घालायला आल्या होत्या. कुंपणाच्या भिंतीवरून त्यांनी हळू आवाजात बाकीचं सांगितलं. हे दुपारी होतं, अडीच ते चारच्या दरम्यान, साहेब कामावर असताना. त्यांच्या खिडकीतून पुढचं दिसत नाही, मध्ये पत्र्याची शेड येते. पण बांधताना त्यांनी पाहिलंय. आणि पोर रडत नाही, ओरडत नाही, हेच त्यांना जास्त खटकत होतं. मुकाट्याने हात वर करून उभी राहते, म्हणाल्या.

हात वर करून. हे शब्द दिवसभर माझ्या डोक्यातून गेले नाहीत.

त्या दुपारी काहीच घडलं नाही. मी जागी होते, आणि मंदाला ते माहीत होतं. ती अंगणात बसून फळीच्या कडा रंध्याने गोल करत राहिली, मग काचकागदाने घासत राहिली, तळव्याने चाचपून पुन्हा घासत राहिली. हात सराईत होता. केतकी तिच्या शेजारी बसून किसाची वेटोळी गोळा करत होती आणि मधूनमधून वर झाडाकडे बघत होती. मंदा तिच्याशी खालच्या आवाजात बोलली तेव्हा मी मोरीत भांडी विसळत होते, पण कान तिकडेच होते. “माईंना सांगायचं नाही हं,” ती म्हणाली, “आणि बाबांना तर मुळीच नाही.”

एवढं मला पुरेसं होतं. मी ठरवलं की उद्या दुपारी झोपेचं सोंग घ्यायचं.

तिसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मी आतल्या खोलीत चटई टाकली, पंखा लावला, तोंडावर पदर घेतला. अर्ध्या तासाने मंदा दारात येऊन पाहून गेली. मग मागच्या दाराची कडी निघाली. मी पाचेक मिनिटं थांबले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेले.

निंबाखाली केतकी उभी होती. दोन्ही हात वर केलेले. मंदा तिच्यासमोर गुडघ्यांवर बसून तिच्या कमरेला दोरी बांधत होती, फ्रॉकवरून, आत एक दुपटं घडी करून घातलेलं.

मी कशी बाहेर पडले ते आठवत नाही. चप्पलही घातली नव्हती, फरशी पोळत होती. केतकीला मी दंडाला धरून माझ्याकडे ओढलं. दोरीचं दुसरं टोक मंदाच्या हातात होतं, ते ताणलं गेलं, आणि क्षणभर आम्ही दोघी ती पोर मधे घेऊन तशाच उभ्या राहिलो. मग मंदाने टोक सोडून दिलं.

“केतकी, आत जा. माठातलं पाणी पी आणि मी बोलावेपर्यंत आतच थांब,” ती म्हणाली. केतकीने माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि कमरेची दोरी मागे फरफटवत आत गेली.

मी जे बोलले ते सगळं इथे सांगत नाही. निकमबाईंचं कार्ड काढून तिच्यासमोर धरलं. कमरेचा वळ, हातांचे फोड, लपवलेली दोरी, काढून टाकलेला फोटो, पोरीला गप्प बसवणं, एकेक मोजून दाखवलं. शेवटी म्हटलं, “मी नात घेऊन जाणार आहे. उद्याच. सुधाकररावांना काय सांगायचं ते तू सांग, नाहीतर मी कॉलनी गोळा करून सांगते.”

तिने कार्ड वाचलं. घडी करून परत दिलं. मला वाटलं होतं ती रडेल किंवा भांडेल.

“ती झाडावर चढते, माई,” ती म्हणाली. “मी लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या आठवड्यात कळलं. दुपारी घरात नाही, कॉलनीत नाही. वर पाहिलं तर थेट त्या वरच्या बेचक्यात बसलेली. मनगटाएवढी फांदी. मी ओरडले असते तर दचकून पडली असती, म्हणून इथेच उभी राहिले, ती उतरेपर्यंत. दीड तास.”

दुसऱ्या दिवशी तिने केतकीला बजावलं. तिसऱ्या दिवशी मंदा आंघोळीला गेली तेवढ्यात पोर परत वर. सुधाकररावांना सांगितलं असतं तर त्यांनी माणसं बोलावून झाड छाटलं असतं, आणि मग ती छपरावर गेली असती, नाहीतर कॉलनीच्या पाण्याच्या टाकीच्या शिडीवर. इथल्या फांद्या निदान मला कळतात, मंदा म्हणाली. लहानपण वखारीत गेलं, कुठलं लाकूड किती सोसतं एवढं कळतं. म्हणून कमरेला दोरी. दोरी वरच्या फांदीवरून घ्यायची आणि टोक खाली हातात धरून बसायचं, जितका वेळ ती वर असेल तितका वेळ. तुम्ही आलात तेव्हा ती दोरी टाकली, कारण तुम्ही यांना सांगाल अशी भीती वाटली.

“आणि हा झोका?”

“तिला खाली आणायला. वर बसण्याऐवजी खाली काहीतरी हवं ना, जिथे बसावंसं वाटेल. तिनेही कबूल केलंय, अर्धा वेळ वर, अर्धा वेळ झोक्यावर.”

मला अजून पटलं नव्हतं. हे सगळं जुळवून सांगायला तीन महिने पुष्कळ झाले. मी विचारलं, सहा वर्षांची मुलगी भर उन्हात दीड दीड तास झाडावर बसते कशाला? घरात तिला असं काय होतं, की ती घराबाहेर, तेही झाडावर जाऊन बसते?

मंदा शेडकडे गेली, लाकडी शिडी घेऊन आली आणि निंबाला टेकवून उभी केली. पाय रोवून तिने शिडी दोन्ही हातांनी धरली. “तुम्हीच बघा,” म्हणाली.

दुसरी कोणी असती तर गेली नसती. पण मला खात्री करून घ्यायची होती. तिने सांगितलेलं तिच्या तोंडून मी मान्य करणार नव्हते. मी निऱ्या वर खोचल्या आणि चढले. एक पायरी, दोन, पाच. आडव्या फांदीला हाताने धरून वर झाले तेव्हा डोकं पाल्यातून बाहेर निघालं. क्वार्टरांची सिमेंटच्या पत्र्यांची छपरं उन्हात पसरली होती. त्यांच्या पलीकडे मोठा रस्ता. आणि रस्त्यापलीकडे, अगदी समोर, सरकारी दवाखान्याचं फाटक. लोक आत जात होते, बाहेर येत होते. एक रिक्षा थांबली, तिच्यातून कोणा बाईला दोघांनी धरून उतरवलं. इथून त्या बाईच्या साडीचा रंगसुद्धा दिसत होता.

मी शिडीवर तशीच उभी राहिले. पोर इथे बसून काय बघते ते माझं मलाच कळलं.

ज्योत्स्नाला दवाखान्यात ठेवलं तेव्हा केतकीला मी अमळनेरला घेऊन गेले होते. जाताना तिने आईला त्याच फाटकातून आत नेताना पाहिलं होतं. पुढे बारा दिवसांनी निरोप आला. मी तिला शेजारी ठेवून धुळ्याला गेले, सगळं आटोपून परत आले, आणि ती दारातच उभी. आई बरी झाली का, म्हणाली. माझ्या तोंडून निघून गेलं, होतेय बाळा, फार दिवस लागतील. त्या दिवशी दुसरं काही बोलण्याचं बळ माझ्यात नव्हतं. पण दुसऱ्या दिवशीही मी तेच सांगितलं. जूनमध्ये ती शाळेसाठी वडिलांकडे आली, तेव्हा वर्गातल्या विशाखा नावाच्या मुलीने तिला सांगितलं की तुझी आई मेली. पुढच्या खेपेला मी आले तेव्हा तिने मला विचारलं. मी तिला मांडीवर घेतलं आणि म्हटलं, लोक काहीही बोलतात, मी सांगते तेवढंच खरं धरायचं. सुधाकररावांनाही ताकीद दिली, एवढ्यात काही बोलू नका म्हणून. मग ती विचारायची थांबली, आणि मी धरून चालले की मुलांना आपोआप समजतं.

ती विचारायची थांबली होती, कारण मी सांगितलं तेवढंच तिने खरं धरलं होतं. ‘एकटीच आलीस?’ म्हणताना माझ्या मागे बोळात तिने कोणाला शोधलं होतं, तेही आता कळलं.

मी खाली उतरले. बसायला काही नव्हतं, शिडीच्या खालच्या पायरीवर बसले. मंदा माझ्यासमोर जमिनीवर बसली.

“फोटो ट्रंकेत आहे,” ती म्हणाली. “हार घातलेला फोटो भिंतीवर लावला असता तर तिला काय सांगायचं? आल्या दिवशी तिने मला विचारलं होतं, आई बरी होऊन आली की तू कुठे जाशील. मी म्हटलं, तेव्हा बघू. मला आई म्हणायला मी सांगू शकत नाही, माई. तिची आई तिच्या लेखी समोर दवाखान्यात आहे.”

“तू का नाही सांगितलंस?”

“सावत्र बाईने सांगितलं असतं तर ते तिला खरं वाटलं असतं?” ती म्हणाली. “शब्द तुमचा होता. तुम्ही न्या तिला, मी अडवणार नाही. यांनाही मी सांगेन. पण आधी तिला सांगा आणि मग न्या. नाहीतर अमळनेरला ती कुठल्या झाडावर चढेल, आणि खाली कोण उभं असेल, ते मला इथे कळणार नाही.”

केतकी दाराच्या चौकटीशी येऊन उभी राहिली होती. किती ऐकलं कोणास ठाऊक. मंदाने तिला हाक मारली, कमरेची दोरी सोडली आणि झोक्याला लागली.

मी नुसती बघत बसले. मला वेळ हवा होता, आणि तिने तो मला दिला असं आज वाटतं. तिने जुन्या टायरचे दोन तुकडे आणले, शिडीवर चढून फांदीला गुंडाळले, म्हणजे दोराने साल कापू नये. मोटेचा दोर त्यावरून दोन्ही बाजूंनी घेतला. खाली उतरून फळीच्या चार भोकांतून दोर ओवला, फळीखालून आडवा घेऊन दुसऱ्या बाजूने वर काढला, आणि गाठी मारल्या. गाठ मारली की दोन्ही पायांनी फळीवर उभी राहून ती सगळा भार टाकायची. दोर कुरकुरायचा, गाठ आवळायची, एक बाजू खाली यायची. मग सोडून परत. असं तीनदा झालं. केतकी फळी सरळ धरून उभी होती, आणि मंदा तिला विचारत होती, आता कुठली बाजू खाली आहे. शेवटी फळी सारखी झाली. मंदा तिच्यावर बसली, दोन मोठे झोके घेतले, उतरली, आणि माझ्याकडे पाहिलं.

मी जाऊन बसले. केतकीला जवळ बोलावलं. ती माझ्या मांडीवर बसली, दोन्ही हातांनी दोर धरून. मंदा घरात निघून गेली आणि तिने दार ओढून घेतलं.

मी पायाने जमीन रेटली. झोका थोडा मागे गेला, पुढे आला. आणखी एकदा. तिचं डोकं माझ्या हनुवटीखाली होतं, त्यामुळे तोंड दिसत नव्हतं. ते बरं होतं.

“केतकी,” मी म्हटलं, “आई दवाखान्यात नाही. गेल्या वर्षीच ती गेली. ती येणार नाही.”

ती हलली नाही. झोका आपोआप थांबत आला.

“तू म्हणाली होतीस, बरी होतेय.”

“मी खोटं बोलले होते.”

तिने दोर आणखी वर धरला. मग म्हणाली, “ती विशाखा म्हणाली होती तेव्हापण खोटं?”

“तेव्हाही मीच खोटं बोलले. विशाखाचं खरं होतं.”

“मावशीला माहीत होतं?”

“हो.”

“बाबांना?”

“हो. सगळ्यांना. मी त्यांना सांगू दिलं नाही.”

ती मांडीवरून उतरली. रडली नाही. मला तिला जवळ घ्यायचं होतं, पण तिने हात लावू दिला नाही. बंद दारापाशी जाऊन तिने ते दोन्ही हातांनी वाजवलं. मंदाने उघडलं तेव्हा केतकी एवढंच म्हणाली की मला वर जायचंय. मला वाटलं मंदा आता नको म्हणेल. मंदाने विटांवरची दोरी उचलली, दुपटं घातलं, गाठ मारली. केतकी चढली. मंदा टोक धरून खाली उभी राहिली आणि मी झोक्यावर बसून राहिले. आमच्या डोक्यावर पाल्यात ती दिसत नव्हती, फक्त एक पाय दिसत होता.

थोड्या वेळाने वरून रडणं ऐकू आलं. आधी बारीक, मग मोकळं. मंदाने वर पाहिलं नाही, बोलावलं नाही, फक्त दोरी हाताला आणखी एक वेढा देऊन घट्ट धरली. चार वाजून गेले, ऊन उतरलं. मग तो पाय हलला, खालची फांदी चाचपली, आणि ती आपणहून उतरली. मंदाने तिला कडेवर घेतलं. सहा वर्षांची मुलगी, लांबलचक पाय खाली लोंबत होते, तरी तशीच कडेवर घेऊन ती घरात गेली.

संध्याकाळी सुधाकरराव आले तेव्हा मीच त्यांना सगळं सांगितलं. ते ओट्यावर बसले आणि तोंड ओंजळीत धरून रडले. मग आत जाऊन त्यांनी ट्रंक उघडली. केतकीने फोटो हातात घेतला, चंदनाचा हार बोटाने बाजूला करून आईचा चेहरा पाहिला आणि तो कुठे लावायचा ते तिनेच दाखवलं.

मी नातीला घेऊन गेले नाही. घेऊन जाते म्हणायला मला तोंड नव्हतं. गणवेशाचं बेतलेलं कापड मी क्लासमधल्या एका मुलीच्या बहिणीला शिवून दिलं. निकमबाईंना जाताना भेटले आणि दोरीचं कारण सांगितलं. त्यांनी ते पूर्ण मानलं की नाही, सांगता येत नाही. तीन दिवस मीही मानलं नव्हतं.

केतकी आता बत्तीस वर्षांची आहे, नाशिकला असते, मंदाला अजून मावशीच म्हणते. माझ्याशी तिचं चांगलं आहे. पण त्या दिवसापासून एक गोष्ट बदलली ती बदललीच. आधी मी सांगेन ते तिला खरं वाटायचं. त्यानंतर माझं प्रत्येक वाक्य ती मंदाकडून तपासून घ्यायची.

निघायच्या दिवशी सकाळी मला सोडायला तिघंही स्टँडवर आली होती. केतकी मंदाचं बोट धरून उभी होती. खिडकीतून मी तिला म्हटलं, दिवाळीला नक्की येते हं. मान वर करून तिने मंदाला विचारलं, “खरं का?”

मंदाने माझ्याकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. “येतील,” ती म्हणाली.

त्या साली ऐन दिवाळीत क्लासमध्ये ब्लाउजांचा ढीग पडला होता. मी तो तसाच टाकला आणि वसुबारसेच्या आदल्या दिवशीच धुळ्याला पोचले. कडी वाजवली. या खेपेला लगेच पावलं वाजली. केतकीने दार उघडलं, मला आपादमस्तक पाहिलं आणि पाठ फिरवून घरात ओरडून सांगितलं, “मावशी, माई खरंच आली.”